खंडेनवमी आणि रिमोट

वडील गेल्यावर मी आईला सांगलीहून अमेरिकेत हर्नडनला आणलं. सहा महिने राहायचं ठरलं होतं. तिसऱ्याच आठवड्यात ती म्हणाली, "माझं तिकीट अलीकडचं करून घे."

कारण विचारलं, तर म्हणाली, "दिवसभर फ्रिजचा आवाज ऐकते."

तक्रार खरी होती. नवरा आठवडाभर परगावी कामाला असायचा, मी सकाळी जाऊन संध्याकाळी यायची. आमच्या रस्त्यावर माणूस दिसला तर तो कुत्र्याच्या मागे असायचा. पण म्हणून सांगलीच्या घरात एकटीनं जाऊन बसावं, हे मला पटत नव्हतं. तिचं म्हणणं, तिथे निदान दाराची बेल वाजते. शेवटी दसऱ्यापर्यंत थांबायला ती तयार झाली. तोवर करमलं नाही, तर मी विमान कंपनीला फोन करायचा.

येताना तिनं बॅग भरून नाटकांच्या व्हीसीडी आणल्या होत्या. आमचा डीव्हीडी प्लेअर त्या तोंडात घ्यायचा आणि बाहेर ढकलायचा. मी एक जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडला, सगळी नाटकं त्यात उतरवली आणि त्याच्यासाठी बिनतारी कीबोर्ड आणि रिमोट विकत आणले.

दोघांचे रिसीव्हर वेगवेगळे निघाले. वायरी दिसू नयेत म्हणून मी दोन्ही टीव्हीमागे लपवले. कीबोर्ड चालला, रिमोट चालेना. माहितीपत्रक वाचल्यावर कळलं की कीबोर्ड रेडिओवर चालतो, त्याला आडपडद्याचं काही नाही. रिमोटच्या रिसीव्हरला मात्र काळ्या काचेचा एक डोळा असतो, आणि रिमोट त्याच्यासमोरच धरावा लागतो. तो डबा मी पुढे आणून टीव्हीच्या स्टँडवर चिकटवून टाकला.

कीबोर्ड मांडीवर दिल्याबरोबर आईनं परत केला. "ही परात मला नको."

रिमोटवर बटणं फार होती. लागणाऱ्या पाच बटणांवर मी तिच्याच पाकिटातल्या टिकल्या लावल्या आणि बाकीच्यांकडे बघू नकोस म्हणून सांगितलं. ते तिला जमलं. एका संध्याकाळी मी घरात शिरले तर तिनं हातानंच थांबवलं. दुसरा अंक चालू होता. पण अधूनमधून ती विचारायची, "दसरा कधी आहे गं?" त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळत नव्हतं.

मग एका दुपारी ऑफिसात तिचा फोन आला. "तुझं यंत्र गेलं."

"काय होतंय?"

"सोफ्यावरून काहीच होत नाही. टीव्हीला नाक लावलं तर कधी चालतं, कधी नाही."

"सेल बदललेस?"

"बदलले."

"कीबोर्ड?"

"परात चालते. तू आता विमानवाल्यांशी बोलून घे. उद्या दसराच आहे."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी घरी आले. टीव्हीसमोर पाट मांडला होता. पाटावर कात्री, भाजीची सुरी, मिक्सरचं भांडं आणि माझा स्क्रूड्रायव्हर. सगळ्यांना हळदकुंकू लागलं होतं. मागे रिसीव्हर. त्याच्या काळ्या काचेवर ओल्या हळदकुंकवाचा जाड लेप, लेपात रुतलेल्या अक्षता, आणि पुढ्यात टेकवलेलं शेवंतीचं टपोरं फूल.

"आई, हे काय?"

"खंडेनवमी. हत्यारांची पूजा."

"आणि हा डबा?"

"कॉम्प्युटरचं कपाळ कुठलं ते कळेना. हा समोर होता, चकाकत होता. यालाच लावलं."

"अगं, तो त्याचा डोळा आहे."

"मग आधी सांगायचं नाही का? मी बिचाऱ्याच्या डोळ्यात कुंकू घातलं." आणि ती हसायला लागली. मी हसले नाही. माझी अर्धी रजा गेली होती.

मी फडकं घेतलं, तर तिनं माझं मनगट धरलं. "आज नाही. पूजा झालेलं हत्यार आज वापरायचं नसतं."

"मग तू रिमोट का दाबत होतीस?"

"वापरत नव्हते. चालतंय का ते बघत होते."

कात्री आणि सुरीलाही सुट्टी असल्यामुळे रात्री भाजी झाली नाही. पिठलं झालं.

दसऱ्याला सकाळी तिनं ओल्या कापसानं काच स्वतःच पुसली. कडेला थोडी लाली राहिली. सोफ्यावर बसून तिनं पहिली टिकली दाबली. नाटक सुरू झालं. मी ऑफिसला निघत होते, पर्स खांद्याला होती. दसऱ्यापर्यंतचं ठरलं होतं, तेव्हा विचारणं भाग होतं.

"विमानवाल्यांना काय सांगू?"

तिनं टीव्हीवरची नजर काढली नाही. "ते राहू दे. आधी मला कोट बघ. इथल्या थंडीत म्हणे शाल पुरत नाही."