निळ्या पाइपाला चिकटलेलं लोहचुंबक

हनुमंत प्लंबर कुणाकडे जेवायला गेला, तरी आधी मोरीचा पाइप वाजवून बघतो. डिंगोऱ्यात यावरून त्याची भरपूर थट्टा होते. तो ऐकून घेतो, कारण खोड कशी लागली ते गावाला ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी शेजारच्या चिमाजींचा पाइप तुंबला. वरचं टोक बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं दिसलं म्हणून यानं बिनधास्त सळई घातली. जमिनीखाली मात्र जुना खापराचा पाइप जोडलेला होता. त्याचा चुरा झाला, स्वयंपाकघर खणावं लागलं आणि चिमाजींची चूल पंधरा दिवस अंगणात पेटली.

म्हणून अवसरी बुद्रुकला सरूबाईंची मोरी तुंबली, तेव्हा हनुमंतला चिमाजींची अंगणातली चूल आठवली. पाइप जात होता शेजारच्या खोलीखालून, आणि त्या खोलीत त्यांची सून तेजस्विनी आठ दिवसांच्या बाळाला घेऊन निजली होती. मुलगा गोरख तर फरशी फोडायचं मशीन भाड्यानं आणून तयारच होता.

"फोडायचंच आसंल तर आत्ताच सांगा, भाऊ," सरूबाई म्हणाल्या. "ओली बाळंतीण हाय. तिला कुठं हलवू?"

हनुमंतनं पाइप वाजवला. आवाज आला थप्प. तुंबलेला पाइप असाच वाजतो, कशाचाही असो. त्यात दर दिवाळीला उरलासुरला निळा ऑइलपेंट पाइपाला फासायची सरूबाईंना हौस. इतक्या थरांखाली बीड आहे, सिमेंट आहे की प्लास्टिक, काही कळेना. मग त्यानं खिशातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं. ते खटकन चिकटलं.

"बीडच हाय. घाला की सळई," गोरख म्हणाला.

"वरचं टोक लई गोड बोलतं, राव. मी एकदा फसलोय."

तो परसात गेला, चेंबरचं झाकण काढलं, गाळात कोपरापर्यंत हात घालून पाइपाचं दुसरं टोक चाचपलं, चिंधीनं पुसलं. मग तिथं लोहचुंबक लावलं. तिथंही ते चिकटलं, म्हणजे पाइप दोन्ही टोकांना बिडाचाच होता. हनुमंत तिथंच चिखलात मटकन बसला. इतकं हलकं त्याला चार वर्षांत वाटलं नव्हतं.

मग सळई फिरली. तिच्या टोकाला गुंडाळून बाहेर आलं बाळाचं लंगोट. मोरीतलं पाणी गडगडत गेलं. लंगोटं रोज सरूबाईच धुवायच्या, त्यामुळे त्या लगबगीनं चहा टाकायला गेल्या. गोरखनं मशीन टेम्पोत चढवलं.

जाताना हनुमंतनं पाइपावरचा तळहाताएवढा रंग खरवडला. "एवढी जागा उघडी ठेवा, मावशी. पुढच्या माणसाला कळंल."

यंदाच्या दिवाळीत सरूबाईंनी पाइप पुन्हा निळा केला, पण तेवढी जागा सोडून. आल्यागेल्याला ती दाखवून त्या सांगतात, "ह्या बिडामुळं माझ्या सुनंची खाट हलली न्हाई."