मंगळावरची गाडी आणि नानांची बॅग

समस्त खानदेशवासीयांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मंगळ ग्रहावरील आपली गाडी आज एक मोठा दगड डावीकडून टाळून सुखरूप पुढे सरकली आहे. जीवितहानी नाही. तिथे जीवच नसल्याने तो प्रश्न उद्भवत नाही. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये आणि वेळेवर जेवून घ्यावे.

हे निवेदन मी रोज संध्याकाळी धुळ्यात, देवपुरातल्या माझ्या गॅलरीत उभा राहून, घसा खाकरून, फोनवर आमच्या गावी सावद्याला ऐकवत असे. श्रोता एकच, माझे वडील. आम्ही त्यांना नाना म्हणतो. समोरच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढायला येणाऱ्या बाईंना बरेच दिवस वाटत होतं की मी नगरसेवकाच्या निवडणुकीला उभा राहतोय.

नानांनी सगळा जन्म केळीच्या गाड्या लावण्यात घालवला. शेतकऱ्याचा माल, ट्रकवाल्याची गाडी आणि उत्तरेकडचा व्यापारी यांची गाठ घालून देणं हा त्यांचा धंदा. ट्रक सावद्याहून निघाला की तो दिल्लीकडच्या मंडीत लागेपर्यंत नाना ड्रायव्हरला फोन करून एकच विचारत, "कुठी पोचला?" पुढे गुडघे गेले आणि त्यांनी धंदा बंद केला. धंदा बंद झाला, पण तो प्रश्न काही बंद होईना. आई कोपऱ्यावर मेथी आणायला गेली तरी तिला फोन जायचा, कुठी पोचली? शेवटी तिने मला सांगितलं, "यायले कुठी तरी लाव रे, माह्यं डोकं खातात."

मी त्यांना मंगळावर लावलं, अमेरिकेने तिथे उतरवलेल्या गाडीच्या मागे.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "ड्रायव्हर कोन हाये?"

"ड्रायव्हर नाही नाना, इथून पृथ्वीवरून चालवतात."

"मंग ढाब्याचा खर्च वाचला. दिवसभरात चालली किती?"

मी म्हटलं, चांगला दिवस असला तर आपल्या घरापासून बसस्टँडपर्यंत. नाही तर जागेवरच.

नानांनी विचार केला. "आपली म्हैस पुढं गेली असती."

पण म्हशीपेक्षा मागे राहणाऱ्या त्या गाडीत ते असे गुंतले, की मला रोज नवी बातमी शोधत बसावं लागे. चाकात खडा अडकला, चढ लागला, वाळूत चाक घसरलं. एकदा पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये सूर्य आला आणि बरेच दिवस गाडीला निरोपच पाठवता येईना. मी हे आवाज कापरा करून सांगितलं. नाना शांतपणे म्हणाले, "घाटात आपल्याही गाड्याइले रेंज राहत नव्हती." कधी लहर आली की मी धुळ्याकडच्या बोलीत निवेदन करायचो, गाडी मजामा शे, म्हणजे मजेत आहे. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "तुले धुळ्याचं पाणी लागलं."

आता बॅगेचं सांगतो. माझा धाकटा भाऊ कॅनडात असतो. तिथे त्याला मुलगी झाली आणि त्याने नानांना सांगितलं, पुढच्या वर्षी मी येतो आणि तुम्हाला घेऊन जातो. आईने लगेच अंग काढून घेतलं, म्हशीला सोडून ती जळगावलाही राहत नाही. नानांनी मात्र पासपोर्ट काढला, जाड स्वेटर आणला आणि बॅग भरून खाटेशेजारी ठेवली. त्यांना नात मांडीवर घ्यायची होती, बाकी कॅनडाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

पुढच्या वर्षी भावाची नोकरी बदलली. त्याच्या पुढच्या वर्षी त्याचे तिथले कागद अडकले, देश सोडता येईना. मग घर घेतलं. एकही कारण खोटं नव्हतं, हे मी भावाच्या बाजूने शपथेवर सांगेन. इकडे बॅगेत उडदाचे पापड होते. दर उन्हाळ्यात आई वाळवण घाले, बॅगेतले जुने पापड काढून आम्हाला तळून घाली आणि नवे भरून ठेवी. आम्ही हसत हसत कॅनडाचे पापड खायचो. नात तिकडे चालायला लागली, मग बोलायला लागली, मग नानांना इंग्रजीत काहीतरी विचारायला लागली.

नानांनी कधी तक्रार केली नाही. याचं श्रेय मी स्वतःला देत होतो. मला वाटायचं, मी त्यांना रमवतोय. आता उमगतं, की गाडी आज थांबली आहे, काळजीचं कारण नाही, असं मी रोज इतक्या थाटात सांगत होतो, की थांबून राहणं हे त्यांना सरकारी वेळापत्रकासारखंच वाटू लागलं असावं.

ती गाडी एकीकडे दगडही जमवत होती. खडकाला भोक पाडायचं, आतला तुकडा बोटाएवढ्या नळीत घालायचा, नळी पक्की बंद करायची. काही नळ्या पोटात ठेवल्या, काही एका सपाट जागी मांडून ठेवल्या. पुढे कधीतरी दुसरं यान येऊन त्या पृथ्वीवर आणणार होतं. नानांना हे पॅकिंग फार आवडलं. पण लगेच त्यांनी विचारलं, "आननारी गाडी कोनती?"

"ठरतेय."

"ठरतेय म्हंजे? ठरली नाही?"

केळीच्या धंद्यात ट्रक शेताच्या बांधाला येऊन उभा राहिल्याशिवाय घडाला कोयता लावत नाहीत. ड्रायव्हर फोनवर म्हणतो निघालो, त्याला काही अर्थ नसतो. घड एकदा झाडावरून उतरला की तो पिकायलाच लागतो, कोणासाठी थांबत नाही. हा नियम मोडणाऱ्या माणसाला नाना पुन्हा गाडी लावून देत नसत. त्यामुळे ते मंगळवाल्यांवर नाराज झाले आणि रोज निवेदन संपलं की विचारू लागले, आननाऱ्या गाडीचं काय झालं?

एका रविवारी मी सावद्याला गेलो होतो. आईने भरीत केलं होतं. भावाचा व्हिडिओ कॉल आला, म्हणून मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. एवढा श्रोतृवर्ग जमल्यावर मला राहवेना. मी उठून उभा राहिलो आणि मोठ्या आवाजात सकाळचीच बातमी ऐकवली, अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की मंगळावरील माल आणण्याची योजना खर्चामुळे अडली असून गाडी पाठवायची की नाही हेच आता नक्की नाही.

आई हसली, भाऊही हसला. नाना भाकरीचा तुकडा हातात धरून बसले.

"नाही आननार?" त्यांनी मला विचारलं.

भावानेच तिकडून उत्तर दिलं, समजुतीच्या सुरात. "नाना, एवढी मोठी कामं अशीच लांबतात. कोणी नाही म्हटलेलं नाही. दगडच आहेत ते, कुठे जातात? पुढच्या वर्षी काहीतरी ठरेल."

मी अजून उभाच होतो, पुढचं वाक्य तयार ठेवून. नानांनी तुकडा ताटात ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही, फोनकडे पाहिलं आणि भावाला म्हणाले, "मंग तू तरी नाही म्हनून टाक ना एकडाव."