पिवळी वायर

सिराजभाई पूर्वी लूमचे जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. माग भंगारात गेले तेव्हा पन्नाशीला टेकलेला हा माणूस घरी न बसता नेटवर्कचं काम शिकला आणि वडप्यापासून राहनाळपर्यंतच्या गोदामांत नाव कमावून बसला. खोटं काम करणार नाही, हा त्यांचा अभिमान. खोड एकच: केलेलं काम समोरच्याला समजावून सांगितल्याशिवाय त्यांना चहा जात नसे.

वडप्याच्या सावळाराम आणि बाळाराम या भावांचं गोदाम त्यांच्याकडे आलं. भाऊ सहा वर्षं बोलत नव्हते. एकाच गोदामात मधोमध भिंत घालून त्यांनी अर्धं-अर्धं वाटून घेतलं होतं. मीटर वेगळा, पाणी वेगळं, संडाससुद्धा वेगळा. इंटरनेट मात्र फाटकाजवळच्या केबिनपर्यंतच येत होतं. तिथल्या स्विचपासून, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडायच्या डब्यापासून, माळ्यावरच्या स्विचपर्यंत सिराजभाईंनी एक निळी वायर टाकली आणि दोघांचं नेटवर्क तिच्यातूनच वेगवेगळं नेलं. एकाचे कॅमेरे दुसऱ्याला दिसायची सोय नव्हती. काम इतकं सुबक झालं की त्यांना राहवेना.

"दादा," ते सावळारामला म्हणाले, "ही वायर स्विचच्या ज्या पोर्टात, म्हणजे खोबणीत, जाते त्याला ट्रंक म्हणतात. तिच्यात शिरताना तुमच्या प्रत्येक निरोपाला दहा नंबरची चिठ्ठी लागते, बाळारामदादांच्या निरोपाला वीसची. वायर एक, पण भेट नाही. तुमच्या पोर्टवर फक्त दहावाले उतरणार, आणि उतरताना चिठ्ठी निघून जाणार. कॉम्प्युटरला पत्ताही लागत नाही."

"म्हंजे माजा माल त्याच्या अंगाला घासून जानार?"

"अंग नसतं हो त्याला."

"मना न्हाय चालनार. माजी वायर येगली पायजे."

दुसऱ्या दिवशी सिराजभाईंनी निळीच्या शेजारून पिवळी वायर ओढली. जोडायला दहा मिनिटं लागली असती. पण एका वायरीत चोख चाललेलं काम केवळ भाऊबंदकीपायी मोडायचं, हे त्यांच्यातल्या कारागिराला झोंबलं. दोन्ही टोकं त्यांनी मोकळीच सोडली. त्या खोट्या वायरीचं जे कौतुक झालं, तेवढं त्यांच्या एकाही खऱ्या कामाचं झालं नव्हतं. "ती पिवली माजी," असं सावळाराम आल्यागेल्याला बोट दाखवून सांगायचा, आणि सिराजभाई दुसरीकडे बघायचे.

वर्षभराने बाळारामच्या भाडेकरूचा कंटेनर सावळारामच्या दारात तीन तास आडवा उभा राहिला. सावळारामने शिडी लावली आणि पक्कडीने निळी वायर कापली. भावाचं सगळं बंद पडलं. त्याचं स्वतःचंही पडलं.

सिराजभाई आले. वायर साफ कापलेली दिसत होती.

"उंदरांनी खाल्ली," सावळाराम म्हणाला. मग जवळ येऊन हळूच, "पन त्याची तुटली तं माजी कशी गेली?"

काम जाईल, नाव जाईल, हे सिराजभाईंना कळत होतं. तरी त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. सावळाराम ओरडला नाही. ओरडायचं तर उंदीर मागे घ्यावे लागले असते. "मंग आता पिवली जोड," एवढंच तो म्हणाला. "खरी."

त्यांनी जोडली. निळीला नवं टोक बसवून ती बाळारामला दिली, पिवळी सावळारामला. आता कुणाच्याच निरोपाला चिठ्ठीची गरज उरली नाही. हलक्या मनाने ते भिंतीपलीकडे बाळारामकडे कबुली द्यायला गेले.

"मना पयल्या दिसापासून म्हाईत व्हतं," बाळाराम म्हणाला. "माल्यावर चढलो व्हतो. पिवलीचं टोक लोंबत व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"आमच्यात सामाईक ती एक निली वायरच रायली व्हती, सिराजभाई." त्याने वर माळ्याकडे पाहिलं. "जोडली का पिवली?"

"आत्ताच."

"बरं," बाळाराम म्हणाला आणि भाडेकरूंना लाइन आल्याचं सांगायला आत गेला. सिराजभाई तिथेच उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपल्या खऱ्या कामाची लाज वाटली.