गप बसणारा व्हॉल्व्ह

“आदी गप बसून दाव,” असं म्हणून वायरमन पेन्सिलीच्या मागच्या टोकानं काचेवर टिचकी मारायचे आणि मान तिरकी करून थांबायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, मलाच म्हणतायत. तसं वाटण्यात माझी चूक नव्हती. आमची नोकरी वीज मंडळाच्या एकाच कचेरीतली. मी बिलाच्या खिडकीत बसून दिवसभर तोंड चालवणारा, ते खांबावर चढून मुकाट काम करणारे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी भोरपासून भाटघरापर्यंत त्यांना कुणी नावानं हाक मारत नव्हतं. वायरमन म्हणजे वायरमन.

टिचकी मात्र मला नव्हती, व्हॉल्व्हला होती. जुन्या रेडिओत लालसर पेटायचे ना, ते काचेचे व्हॉल्व्ह. तुमच्यातल्या चाळिशीच्या आतल्यांनी ते पाहिलेही नसतील.

उत्रोलीच्या घरी, पडवीतल्या टेबलावर त्यांनी रेकॉर्ड वाजवायचं मशिन करायला घेतलं होतं. तबकडी फिरवणारा भाग जुन्या बाजारातून आला होता, तो बरा होता. खरी अडचण सुईच्या पुढची. “सुईतनं आवाज येतो मुंगीएवढा,” ते मला समजावायचे, “त्येचा हत्ती करायचा. पन मुंगीसंगं धूळबी हत्ती हुती, भाऊसायेब.” त्यासाठी दोन व्हॉल्व्ह लागत. पहिला जो आवाज पुढे ढकलणार तो दुसरा आणखी मोठा करणार. “पैला खोकला की दुसरा बोंब मारतो. म्हून पैला गप पायजे.”

मी शहाणपणा शिकवायला गेलो. म्हटलं, हल्ली आवाज वाढवणारी तळहाताएवढी तयार सर्किटची पट्टी मिळते, एका दुपारचं काम.

“आणली हुती. निस्ती गुणगुणती,” ते म्हणाले. “आन ती बिगडली तर म्या काय करू? व्हॉल्व्ह म्या वळखतो.”

एवढा अट्टहास कशासाठी, ते मला नंतर कळलं. वायरमन चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली. फोटो नाही, आठवण नाही. वेल्ह्याकडच्या वाडीतले त्यांचे मामा वारले, घर आवरताना कणगीमागच्या पेटीत एक तबकडी सापडली. कधीकाळी पुण्याहून कुणी मंडळी येऊन वाडीतल्या बायकांची गाणी भरून घेऊन गेली होती आणि नंतर एक तबकडी पाठवली होती. वाडीत मशिन कुणाकडे होतं? ती तशीच पडून राहिली. कागदी चकतीवर शाईनं आईचं नाव होतं. पण तबकडीला कडेपासून आत चीर गेलेली. “ही एकदा वाजंल, फार तर दोनदा,” वायरमन म्हणाले. “तवा मशिनचा बारीक आवाजबी नगं. आईच्या आवाजात दुसऱ्या कुनाचा आवाज म्या घुसू द्यायचा न्हाई.”

मग काय, माणूस व्हॉल्व्ह गोळा करत सुटला. जुन्या रेडिओंचे, भंगारातले, आंबवड्याच्या एका माळ्यावरचे, देवळाच्या निकामी भोंग्याच्या मशिनमधले. अंड्यांच्या ट्रेमध्ये एकेका खळग्यात एकेक, आणि प्रत्येकावर चिठ्ठी: ‘खोकतो’, ‘कुजबुजतो’, ‘टिचकीला वाजतो’. एकावर माझं नाव होतं. ती चिठ्ठी मी फाडली. वायरमन दिवसाउजेडी काम करायचे, एक हात कायम पाठीमागे बांधल्यासारखा. दोन्ही हात घातले आणि झटका बसला तर तो छातीतून जातो, हे त्यांनी खांबावर शिकलेलं.

एका रविवारी त्यांनी मला मोठ्या कौतुकानं हेडफोन दिला. “आईका. हा किती गप हाय!”

मी ऐकलं. टिचकीला व्हॉल्व्ह वाजत नव्हता, गुणगुण नव्हती. पण सबंध वेळ फस्स असा आवाज येत होता, पंपाच्या स्टोव्हसारखा. मला वाटलं माझीच ऐकण्यात चूक. दुसरा लावायला सांगितला. ‘गप’ अशी चिठ्ठी लावलेले चारही व्हॉल्व्ह ऐकले. चारही फुसफुसत होते. आणि वायरमन माझ्याकडे बघत हसत होते.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. म्हणालो, “वायरमन, हे गप नाहीत.”

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, हाक मारली. काकू पदराला हात पुसत आल्या, हेडफोन लावला आणि लगेच म्हणाल्या, “अवो, फोडणीवाणी चरचरतंय की!”

वायरमननी हातातली पेन्सिल खाली ठेवली. भोरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बारीक, उंच आवाज त्यांच्या कानातून गेलेत, आता ते परत येणार नाहीत. उरलेलंही हळूहळू कमी होईल. मला वाटलं, आता तबकडी पुन्हा पेटीत जाणार. मी तर त्यांना सांगितलंही, फुसफुस राहू द्या, आहे तसं ऐकून घ्या, वेळ घालवू नका.

“उरलंय ना आजून? मंग झालं,” ते म्हणाले आणि सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. काकूंना म्हणाले, “अगं, बस हितं. कान तुजा, हात माजा.”

भाताची लावणी आली तरी काकू रोज घटकाभर हेडफोन घालून बसत. “ह्यो चरचरतोय. ह्यो शिंकला. ह्येच्या पोटात मांजर हाय.” सगळा ट्रे पहिल्यापासून पुन्हा झाला. निवडीत पहिला आला तो देवळाच्या भोंग्यातला. काकूंना हसू आवरेना. “जलमभर बोंबलला आन आता कसा शाना झालाय बगा!”

मशिन पुरं झालं त्या दिवशी मला बोलावणं आलं. सकाळची वेळ. नुसतं मशिन चालू केलं तेव्हा काकूंनी कान देऊन सांगितलं, “काय सुदीक न्हाई.” वायरमननी तबकडी पुसली, सुई टेकवली. चिरेची टकटक सुरू झाली, ती अपेक्षितच होती. आणि पाठोपाठ स्पीकरच्या पेटीतून जाडीभरडी घरघर आली. थांबेचना. वायरमनचे बारीक आवाज गेले होते, जाडे नाहीत; ती घरघर त्यांनाही स्पष्ट ऐकू आली.

“व्हॉल्व्ह गेला,” असं म्हणत त्यांनी सुई उचलायला हात घातला. मीही “बंद करा, बंद करा” म्हणालो.

काकूंनी त्यांचं मनगट धरलं. “हात काडा, अवो. जातं हाय ते, दळायचं.”

तेवढ्यात घरघरीच्या वर एका बाईचा आवाज चढला. मोकळा, जरा दमलेला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही. वायरमननी तळहात पेटीवर ठेवला होता. जातं त्यांना ऐकू येत होतं, आईचा आवाजही येत होता. शब्द मात्र हातातून निसटत होते.

“काय म्हनती?” त्यांनी विचारलं.

काकू त्यांच्या कानाशी वाकल्या आणि सासूच्या मागोमाग, त्याच चालीत म्हणू लागल्या, “सुपात दानं लई, रात उरली थोडी गं... मांडीवर पोर जागं, त्याला झोपंची न्हाई गोडी गं...”

“आन आता?”

“आता तुमाला म्हनती, नीज.”

“व्हय,” वायरमन म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.