भरल्या गाडीची हवा

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी सकाळी मी तुये गावातल्या घरातून गाडी बाहेर काढली, तेव्हा माझा मुलगा फाटकात आडवा उभा होता. मागची सीट पाडून मी नारळ, केळ्यांचा घड, भोपळा, तवशी (मोठ्या काकड्या), आंबाड्यांचे झुबके आणि नेवऱ्यांचा (करंज्यांचा) पत्र्याचा डबा असे रचून भरले होते. हे वजें. आमच्याकडे मुलगी लग्न होऊन गेली की पहिल्या चवथीला माहेरहून तिच्या सासरी वजें जाते. तिथे संध्याकाळी गणपतीच्या वर माटोळी बांधतात, म्हणजे फळाफुलांनी लादलेली लाकडी चौकट. तिला ही फळे लागतात. नेवऱ्या वाड्यावर (वस्तीत) घरोघर वाटतात. जिचे वजें आले नाही त्या सुनेबद्दल वाडा वर्षभर बोलतो.

माझी मंदा वैशाखात साखळीच्या पुढच्या एका गावात दिली. आषाढात तिची आई गेली. इस्पितळात शेवटी शेवटी बायको बोलली ती या वजाबद्दलच. पोरीचे वजें चुकवू नका, एवढेच. मी हो म्हटले होते.

मुलाचे म्हणणे वेगळे. घरात मृत्यूचे वर्ष चालू आहे, कढईत तळण टाकायचे नाही, गणपती आणायचा नाही, मग वजें कसले.

"बाबा, वर्स झाला नाय अजून. लोक काय म्हणतले?"

"लोकांक तोंड आसा, माका गाडी आसा. बाजूक हो."

तो बाजूला झाला. तळण आमच्या घरात झालेच नव्हते. नेवऱ्या शेजारणीने तिच्या चुलीवर करून दिल्या. आणि शास्त्र सांगणाऱ्यांपैकी एकानेही माझ्या बायकोला औषधाचा चमचा पाजला नव्हता.

गाव सोडायच्या आधी तिथल्या गॅरेजात हवा भरली. मी शाळा चौथीपर्यंत शिकलो, पुढचे सगळे शिक्षण डिचोलीकडच्या खाणीवर, खनिजाच्या ट्रकावर. आमचा तिथला नियम एकच. माल भरला की टायर दगडासारखा करायचा. लोखंडी दांडा टायरवर मारायचा, टणक आवाज आला की चल. गॅरेजवाला म्हणाला, काका, ही घरची गाडी, एवढी हवा नको. मी म्हटले, माल मागे दिसत नाही का, भर पंचेचाळीस चारही चाकांत. त्याने भरली. मी पान्याचा दांडा मारून बघितला. आवाज बरोबर आला.

धारगळहून हमरस्त्याला लागलो आणि कोलवाळचा पूल ओलांडला. खाली नदी पावसाने गढूळ, काठाची झाडे अर्धी पाण्यात. पुलाच्या जोडावर गाडी अशी उडाली की नारळांनी मागून दार ठोठावले. मी म्हटले, माल नवीन आहे, बसेल. थिवीला बाजार भरला होता. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी माटोळीचे सामान, लोक गाड्या मध्येच उभ्या करून आंबाडे निवडत होते. मी उतरलो नाही. माझे सगळे माझ्या कुळागराचे (बागायतीचे) होते.

अस्नोड्याच्या पुढे एक म्हातारी पिशवी घेऊन बसची वाट बघत उभी होती. भरलेल्या दोन बस तिला न घेता गेल्याचे तिने शिव्यांसकट सांगितले. साखळीला भावाकडे चवथीला चालली होती. मागे जागा नव्हती. तिला पुढे, माझ्या शेजारी बसवावे लागले. त्या सीटवर आषाढापासून कोणी बसले नव्हते. मुलालाही मी बसू दिले नव्हते. म्हातारीने कोणाला विचारले नाही, बसली, आणि नेवऱ्यांचा डबा खालीवर होताना बघून ओढून मांडीवर घेतला. बायकोही तसेच करायची.

दोन वळणे गेली असतील.

"दादा, ही गाडी आसा काय व्हायन? कांडलंस माका," ती म्हणाली. व्हायन म्हणजे जमिनीतले उखळ.

मी सांगितले, रस्ता खराब. ती म्हणाली, रस्ता बसलाही हाच आहे, पण बसमध्ये दात वाजत नाहीत.

मुळगावच्या उतारावर तिचे खरे झाले. खाणीच्या ट्रकांमधून सांडलेली लाल माती पावसाने भिजून रस्त्यावर सारवल्यासारखी पसरली होती. वळणावर ब्रेक दाबला तशी गाडीची मागची बाजू सरकली, मातीच्या बांधाला घासली आणि थांबली. भोपळा पुढे आला. डब्याचे झाकण उडाले. म्हातारीने दोन्ही हातांनी डबा धरला म्हणून निम्म्या नेवऱ्या वाचल्या. उरलेल्या मोडल्या होत्या. ती तुकडे वेचून डब्यात वर ठेवू लागली.

खाली उतरून चाके बघितली. टायरचा मधला पट्टा लालभडक, दोन्ही कडा कोरड्या काळ्या. म्हणजे इतका वेळ माझी गाडी रस्त्यावर अर्ध्याच टायरने उभी होती. टायर पोटाने फुगला होता, त्याच्या कडा जमिनीला लागतच नव्हत्या. ओल्या मातीला तो धरणार कशाने? ट्रकात दहा टन खनिज त्याला दाबून सपाट करायचे. इथे चार नारळ, एक भोपळा आणि एक म्हातारी.

मुलाला फोन करावा असे क्षणभर मनात आले. मग त्याचा चेहरा आठवला. फोन खिशातच ठेवला.

ड्रायव्हरचे दार उघडे होते. दाराच्या चौकटीवर एक कागद चिकटवलेला असतो. इतकी वर्षे मी त्याला कंपनीचा शिक्का समजत होतो. त्यावर चित्रे होती. एका गाडीत पुढे दोन माणसे. दुसऱ्या गाडीत पाच माणसे आणि बॅगा. चित्र वाचायला शाळा लागत नाही. दोघांच्या चित्रापुढे चारही चाकांना तीस. भरलेल्या गाडीपुढे, पुढच्या चाकांना तेहतीस आणि मागच्यांना छत्तीस. बाजूला 'कोल्ड' लिहिले होते, म्हणजे टायर थंड असताना; तेवढा शब्द ट्रकामुळे ओळखीचा.

सावकाश डिचोलीच्या पंपावर आलो. तिथला हवा भरणारा बेळगावकडचा माणूस. म्हणाला, आजोबा, आम्ही सगळ्यांना पस्तीसच घालतो, विचारत बसत नाही. मी म्हटले, मला विचार, आणि आत्ता नको. चालून गरम झालेल्या टायरमधली हवा मोजून काढली तर थंड झाल्यावर ती कमी भरते, एवढे मला ट्रकाने शिकवले होते. तो हसला. म्हणाला, चवथीच्या दिवसात थांबायला वेळ कोणाला आहे. वेळ मलाही नव्हता. पण मोडायला आता निम्म्याच नेवऱ्या उरल्या होत्या.

शेजारच्या हॉटेलात आम्ही दोघांनी पातळ भाजी आणि उंडो (कडक गोल पाव) खाल्ला. म्हातारीने उंड्याचा कडक भाग मला दिला, तिला चावत नव्हता. साखळीच्या दोन बस गेल्या. मी म्हटले, बाय, जा तू. ती म्हणाली, डबो कोण धरतलो? एवढेच.

टायरला हात लावला तर गार लागला. मग पुढे तेहतीस, मागे छत्तीस करून घेतली. तिथून साखळीपर्यंत गाडी रस्त्याला बसून चालली. म्हातारी साखळीच्या बाजारात उतरली. जाताना डबा सीटवर ठेवून तिने त्याला पट्टा लावला.

मंदाच्या घरी पोचलो तेव्हा माटोळीची चौकट अंगणातच होती, बांधायला घेतली नव्हती. मंदा दारात आली, मागे विहीण, आणि ओट्यावर विहिणीचा थोरला दीर. मी घड उतरवला तसा दीर म्हणाला की ज्या घरात वर्ष चालू आहे तिथले वजें गणपतीला चालत नाही, हे मला या वयात कळायला हवे होते. मंदा खाली बघत होती.

"माझ्या घरचे नाही हे," मी म्हटले. "तिच्या आईचे आहे. ती मरताना सांगून गेली. नको असेल तर तसे तिला सांगा, मला नको."

मी सीटवरच्या डब्याचा पट्टा सोडून तो हातात घेतला. विहीण पायरी उतरून आली. तिने माझ्या हातातला डबा घेतला, झाकण उघडले. मोडलेल्या नेवऱ्या वरच होत्या.

"वर्स तेंच्या घराक," ती दिराकडे न बघता म्हणाली. "वजें आमच्या सुनेचा. मोडल्ल्यो आमी खातलों, साबूत वाड्यार वांटतलों. मंदा, नारळ भितर घे."

मंदाने नारळ उचलले. माटोळीला पहिली तवशी बांधली ती मी नेलेली. बांधून होईपर्यंत मी तिथेच बसलो. दीर माझ्या आधी उठून गेला.

परत येताना कोलवाळच्या पुलावर गाडी पुन्हा उडायला लागली. माल उतरला होता, हवा भरल्या गाडीचीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर थंड असताना गॅरेजात गेलो. मुलगाही आला. बांधाला घासलेला पत्रा त्याने बघितला, बोट फिरवले, आणि वजें घेतले का, एवढेच विचारले. मी हो म्हटले. गॅरेजवाल्याने किती ठेवू विचारले.

मी दार उघडून चित्रे परत बघितली. एकट्या माणसाचे चित्र त्यात नाही.

"दोघांची ठेव," मी म्हटले. मुलगा काही तरी म्हणणार होता. मी त्याच्याकडे बघितले. हवा दोघांचीच राहील. शेजारची सीट रिकामी आहे हे टायरला कळायची गरज नाही.