काशीराम बसत नाही

आमच्या धामापुरात काशीरामाला बसलेला पाहिलाय, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, एसटी अर्धी रिकामी असली तरी हा दांडीला धरून उभा. केस कापायचे तर दोन खेपांत. अर्धं डोकं झालं की मध्येच उठतो, बाजारात बांगडे काय भावाने आहेत बघून येतो आणि मग उरलेलं डोकं पुढे करतो. त्याच्या लग्नाला मी होतो म्हणून सांगतो. भटजींचं तिसरं मंगलाष्टक चाललेलं आणि नवरदेव मांडवाची सैल दोरी आवळायला गेलेले! अंतरपाटाच्या अलीकडे प्रेमलता हार घेऊन उभी. पोर तेव्हा खुदकन हसली, म्हणून पुढचं सगळं निभावलं.

तर अशा माणसावर पाळी आली ती बसून चालवायचं मशीन निवडायची. मला किती आनंद झाला असेल, तुम्हीच बघा.

काशीराम मूळचा गवंडी. अकरा वर्षांपूर्वी गावच्या स्वरूपने आपल्या आजोबांच्या उताराच्या जमिनीवर पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, त्यांचे चिरे याने लावले. चिरे संपले तरी हा तिथून हलला नाही. कातळावर माती ओढून आणली, हिरवळीचं एकेक रोप हाताने टोचलं. वर खोल्या, खाली व्हाळ म्हणजे ओढा, आणि मधे तीन एकर हिरवा उतार. लग्नाआधीचे फोटो काढायला मुंबईची जोडपी तिथे लोळायला येतात. लोळणाऱ्यांचं सोपं असतं. गवत कापणाऱ्याला खांद्यावर पेट्रोलचा कटर लटकवून नऊ दिवस चालावं लागतं आणि व्हाळापर्यंत पोचला की वरचं गवत पुन्हा घोट्याला लागलेलं असतं. यंदा गणपती गेले आणि काशीरामाचा उजवा खांदा वर जाईना.

स्वरूप पुण्याला शिकलेला, बोलतो गोड. म्हणाला, "काशीरामकाका, बसून चालवायचं मशीन घेऊ. निवड तुमची. पण चालवायचं तुमच्याच घरातल्या माणसाने, भाडोत्री मला नको. तुळशीच्या लग्नानंतर बुकिंग सुरू होतंय. तोवर नाही जमलं तर लॉनचं काम गोव्याच्या कंपनीला देतो. तुम्ही काही काळजी करू नका, तुम्हाला गेटवर खुर्ची टाकून देतो."

खुर्ची! दुसरा कोणी असता तर पाया पडला असता. काशीराम मात्र तिथून थेट माझ्या खळ्यात आला आणि तुळशीभोवती फेऱ्या मारायला लागला.

"आबानू, माका खुर्चेर बसवतलो म्हणता!"

"मगे बस. जन्मात एकदा तरी बसशीत."

"तुमका मस्करी सुचता. अकरा वर्सां मी त्या गवताक पोराभाशेन वाढवलंय. ते गोयकार येतले, कायतरी फवारतले, आणि मी गेटार बसान गाड्यो मोजू?"

तेव्हापासून त्याच्या पायाला जी भिंगरी लागली, विचारू नका. आठ दिवसांत सहा वेळा कुडाळ. तिथल्या दुकानात दोन मशीनं होती. एक काळं, चकचकीत, स्टीअरिंगच्या जागी दोन दांडे. एक पुढे, एक मागे केला की जागच्या जागी गरकन फिरायचं. दुसरं बसकं, रुंद, मागची चाकं जाड, चाल संथ. पहिल्यासमोर ते म्हशीसारखं दिसायचं. मिहीर नावाचा विक्रेता काळ्याच्या बाजूने होता. दुकानापुढच्या सपाट सिमेंटवर तो त्याला गोल गोल नाचवायचा. स्वरूपही त्या नाचावर भाळला होता.

काशीराम रात्री झोपेना, दिवसा कोणाला झोपू देईना. दुपारी माझा डोळा लागला की हजर. "आबानू, मशीनच्या कागदार पंधरा अंश लिवलाहा. पंधरा अंश म्हणजे किती ता सांगा."

मी भूमिती आठवून, कागदावर त्रिकोण काढून सांगितलं, "दहा फुटांत अडीच फूट उतार असलो तर चलात. त्याच्या वर खंयचाच बसाचा मशीन घालू नको."

झालं. गवंड्याची पातळी मापायची पाण्याची नळी गळ्यात घालून हा उतारावर उतरला. नळीचं एक टोक प्रेमलतेच्या हातात, दुसरं याच्या. ती एका जागी बसलेली, हा वरखाली पळतोय. पाणी नळीत स्थिर होईपर्यंतसुद्धा याला दम धरवत नव्हता.

"अवो, जरा थांबा मरे! पानी अजून हलताहा."

"पानी हलता ता तुझ्या हातामुळे गो!"

"माझो हात ढोपरार आसा. तुमीच नाचतास."

तीन दिवस मापं चालली. वरच्या भागात दहा फुटांना फूटभर उतार, मधल्यात दोन फूट. व्हाळाकडच्या पट्ट्यात चार फुटांच्या वर. हा आकडा कळल्यावर काशीराम पहिल्यांदा एका जागी थांबला. मला तो थांबलेला पाहून जास्त काळजी वाटली.

"शेटाक सांग," मी म्हटलं.

"सांगलंय तर म्हणतलो, काकाक जमणा नाय. खुर्ची तयारच आसा."

मग आला चाचणीचा दिवस. मिहीर टेम्पोतून काळं मशीन घेऊन आला आणि मधल्या उतारावर नेऊन तोंड व्हाळाकडे करून उभं केलं. प्रेमलतेने हळदकुंकू लावलं, अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, घातला. नारळ माझ्या हातात आला. नवी वस्तू वापरायची तर देवाला गाऱ्हाणं हवं, आणि गाऱ्हाणं घालायला गावात माझ्याइतका घसा कोणाचा नाही. स्वरूप, मिहीर, खोल्यांतली चार माणसं, सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. हात जोडायचे म्हणून मिहीर इंजिन बंद करून खाली उतरला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या स्वरूपान गवत कापूचा यंत्र हाडल्यान हा, ता तू मान्य करून घे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"खंय आडवा-वाकडा आसात, तर सरळ कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मी रंगात आलो. स्वरूपचं लग्न जमू दे, गेल्या वर्षीची नळयोजना पुरी होऊ दे, असं एकेक घालत गेलो. डोळे मिटलेलेच. आमच्याकडे गाऱ्हाण्यात कोणी डोळा उघडत नाही. एकच माणूस सोडून. काशीरामाला डोळे मिटून उभं राहणं शक्य नव्हतं. तो आपला मशीनभोवती फेऱ्या मारत होता.

"मुंबयच्या चाकरमान्यांक सुखरूप..."

"आवशीक खाव! चल्ला ता!"

काशीरामाच्या ओरडण्याने डोळे उघडले तर काळं मशीन गळ्यात वळेसर घालून, आवाज न करता, हळूहळू व्हाळाकडे निघालेलं. मिहीर हात जोडायच्या घाईत ब्रेक लावायला विसरला होता. काशीराम माप घेताना नळीखाली ठेवलेला अर्धा चिरा डाव्या काखेत मारून धावला, खालच्या अंगाला न जाता बाजूने वाकला आणि चिरा चाकापुढे सरकवला. मशीन थबकलं. पुढची दोन सुटी चाकं मात्र गरकन वळली आणि ते तोंड फिरवून आडवं झालं.

"बघितलास?" काशीराम धापा टाकत स्वरूपला म्हणाला. "ब्रेक ह्येचो चुकलो, खरा. पण पुडची चाकां बगा, कोनाच्याच हातात नाय. सिमेंटार नाचता, ता उतारार वाट्टेल थंय फिरतला. ओल्या गवतार तर बगूकच नको. माका ता बसका व्हया, रुंद, जाड चाकांचा. आणि शेटनू, खालच्या पट्ट्यात ताही घालूचा नाय. चार फूट उतार आसा. थंय मी चिऱ्याच्यो पायऱ्यो बांधतंय, अबोली लावूया. ह्या आधीच सांगूक होया व्हता. भियालंय."

स्वरूप त्या चिऱ्याकडे आणि खालच्या व्हाळाकडे बघत राहिला. "बसकंच घेऊ," एवढंच म्हणाला.

गोष्ट इथे संपली असती तर मी सांगितलीच नसती.

बसकं मशीन आलं. काशीराम सीटवर चढला आणि सारं गाव बघायला जमलं. मशीन बघायला नव्हे, याला बसलेला बघायला. चार हात गेला, गवतात खडा दिसला म्हणून उठला. इंजिन बंद! सीटखाली बटण असतं. माणूस उठला की मशीन थांबतं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा उठला, पुन्हा बंद. सकाळभरात सतरा वेळा. स्वरूप वरच्या पायरीवर उभा राहून घड्याळ बघत होता. तुळशीचं लग्न पाच दिवसांवर.

"खुर्ची हाडूक सांगा," काशीराम पडक्या आवाजात म्हणाला. त्या दिवशी मी त्याला चिडवलं नाही. चक्क.

तेवढ्यात प्रेमलतेने पदर खोचला. कुडाळच्या बाजारात ही बाई वीस वर्षं वळेसर विकते. सकाळी गोणपाटावर बसली की शेवटचा वळेसर खपेपर्यंत मांडीसुद्धा बदलत नाही.

"उतरा. घरातला मानूस होया ना शेटाक? मी खंयची मग, शेजारची?"

मिहीरने तिला अर्धा तास शिकवलं. ती बसली ती बसली. वरच्या भागाचे सरळ पट्टे पडत गेले, मशीन एकदाही बंद पडलं नाही. पुढे काशीराम, खडे वेचत, उलटा चालत, हात हलवत.

"आडवा नको गो! उभा, उभा! खाली आणि वर!"

"माका दिसता. तुमी बाजूक व्हा, नायतर तुमकाच कापीन!"

गोवेकरांना स्वरूपने फोन केला नाही. व्हाळाकडच्या पायऱ्या अर्ध्या झाल्यात, अबोलीची रोपं लागलीत. गेटवरची खुर्ची मात्र आलीच होती. रिकामी राहायला नको म्हणून संध्याकाळी मी जाऊन बसतो. प्रेमलता मशीन धुते, काशीराम चहाचे दोन कप घेऊन माझ्यापुढे येतो.

"बस रे जरा," मी म्हणतो, आणि अर्धी खुर्ची रिकामी करतो.

"थांबा, तो वयलो कोपरो रवलोसो वाटता," म्हणत आपलाही कप माझ्या हातात देऊन तो निघून जातो. रोज मलाच दोन कप चहा प्यावा लागतो.