पाव पुसलेला डाग

डागाचा पाव भाग पुसून झाला, तेवढ्यात अक्का आत आल्या.

मी जुने कागद दुरुस्त करते. कार्डावर ‘कन्झर्व्हेटर’ छापलंय, त्यामुळे लोक मॅडम म्हणतात, एवढाच फायदा. सोलापूरला एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेल्या व्यंकटेशरावांनी मला घरी बोलावलं होतं. त्यांचे दिवंगत काका, म्हणजे घरातले अण्णा, आपल्याकडच्या अमूर्त चित्रकलेच्या पहिल्या फळीतले. अमूर्त म्हणजे ज्यात झाड, माणूस, गाय काहीच सापडत नाही आणि विचारायची लाज वाटते. काकांची जलरंगातली चित्रं आणि रेखाटनं त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे अक्कांच्या, ट्रंकेत चादरींखाली पडून होती. आठवड्यानं कॉलेजच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं.

सगळ्यात देखण्या चित्राच्या मधोमध कपाच्या बुडाचं तपकिरी वर्तुळ होतं.

“चहाचा डाग तेवढा काढा की मॅडम. लई घाण दिसतंय,” व्यंकटेशराव म्हणाले.

जलरंग पाण्यानं सुटू शकतो, म्हणून आधी कोपऱ्यात टेस्ट घेतात. घेतली. रंग हलला नाही. मग डागावर ओलसर कापूस, वर टिपकागद, हलका दाब. डाग छान उतरत होता. मी खुशीत होते.

अक्का वाकून बघत म्हणाल्या, “पुसलास व्हय? त्यो कप माजाच. चुकून ठिवला मी. अण्णा आधी लई चिडला. मग तासभर बघत बसला, आन् त्येच्या भवतीनं निळा भरला.”

भिंग लावलं. निळा रंग वर्तुळाच्या कडेशी नेमका थांबला होता. हे आधी बघायचं असतं. त्यासाठीच मी दोन पदव्या घेतल्यात. मी कापूस बाजूला ठेवला.

“चहा टाकू का? परत लावा की,” व्यंकटेशराव म्हणाले.

मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण चित्रात आपली भर घालायची नसते. “नको. पाव भाग मी पुसला, असं खाली लेबलवर लिहू.”

“आमी डिफेक्ट पीस पुढं मांडत न्हाय, मॅडम.”

“लिहू दे की तिला,” अक्का म्हणाल्या. “माजं बी नाव घाला. कप माजा हुता.”

लिहिलं, दोघींच्या नावांसकट.

उद्घाटनाला एक समीक्षक त्या चित्रापुढं बराच वेळ उभे राहिले. वर्तुळ अर्धवट सोडायचं धाडस थोर चित्रकारालाच जमतं, असं म्हणाले. लेबल त्यांच्या ढेरीसमोरच होतं.

तेव्हापासून कापूस भिजवण्याआधी मी घरातल्या बायकांना विचारते. समीक्षकांना विचारत नाही.